ठिपकेवाली मनोली : ओळख आणि आमंत्रण

मंडळी, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं होतं, "आमच्या गॅलरीसमोर चॉकलेटी डोक्याच्या चिमण्या येतात, त्या कुठल्या?" त्या चिमण्या नव्हेत. ती ठिपकेवाली मनोली. बरेच जण तिला नुसतं मुनिया म्हणतात. दुकानात पिंजऱ्यात दिसणारी ऑस्ट्रेलियाची झेब्रा फिंच हिच्याच कुळातली. युरोपातल्या फिंचांचं कुळ मात्र वेगळं.

पक्षी चिमणीहून लहान, जेमतेम ११-१२ सेंटिमीटर. डोकं, गळा, पाठ तपकिरी. छाती-पोट पांढरट आणि त्यावर माशाच्या खवल्यांसारखी गडद नक्षी. चोच जाड, तिकोनी, काळपट. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे नर कुठला हे ओळखायच्या फंदात आपण पडायचं नाही. गोंधळ होतो तो पिल्लांमुळे. ती सगळी फिकट तपकिरी, अंगावर ठिपका म्हणून नाही. चिमणीच्या किंवा सुगरणीच्या मादीच्या पाठीवर गडद रेघा असतात, या पिल्लांच्या पाठीवर नसतात. एवढं पाहिलं तरी पुरे. दुसरी फसवणारी म्हणजे सिल्व्हरबिल. तिची चोच निळसर चंदेरी, शेपटी काळी, लांब, टोकदार, आणि पोट कोरं पांढरं.

नरही गातो बरं का! पण इतकं हळू की अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकूच येत नाही.

आता बोलवायचं कसं? लोक लगेच दाण्यांची भांडी टांगतात. राळा, बाजरी ठेवा, आमची हरकत नाही. भांडं मात्र वरचेवर धुवा, ओले दाणे बुरसतात. उथळ परळात पाणीही ठेवा. पण मनोलीला खरं हवं असतं ते गवत, आणि तेही तुरे आलेलं. गवताच्या काडीला लटकून ती एकेक दाणा सोलून खाते. पावसाळ्यात गवताला दाणे धरतात आणि तेव्हाच तिची वीण जोरात असते. कोवळे, दुधाळ दाणे पिल्लांना भरवायला मिळतात. घरटंही गवताचंच: ओबडधोबड गोळा, दार बाजूला. ते बोगनवेलीत, मोरपंखीत, बाभळीत, जिथे दाट आडोसा मिळेल तिथे. अंडी चार ते सहा, कधी जास्तही, आणि ती दोघं मिळून उबवतात.

नेमक्या याच दिवसांत आपल्याला स्वच्छतेचा उत्साह येतो. आमच्याच सोसायटीत एका सप्टेंबरात गवत कापलं आणि सोबत मोरपंखीही गोल छाटली. फांद्यांच्या ढिगात गवताचा गोळा निघाला, आत पाच पांढरी अंडी. सांगायला लाज वाटते, पण छाटणीला होकार आम्हीही दिला होता. तेव्हापासून कुंपणालगतचा एक पट्टा जूनपासून दिवाळीपर्यंत कापत नाही. साप येतील म्हणून तक्रारी झाल्या. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आखूड ठेवतो, पट्टा तेवढा मोकळा सोडतो. गच्ची असेल तर दोन-तीन रुंद कुंड्यांत राळा किंवा नाचणी पेरा आणि कणसं काढू नका.

आणखी एक. बाजारात हिरव्या-पिवळ्या रंगात रंगवलेल्या मुनिया कुणी दाखवल्या, तर "सोडून देऊ" म्हणूनसुद्धा विकत घेऊ नका. तुम्ही पैसे दिलेत की तो पुन्हा जाळं लावतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या पक्ष्यांना पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. वन विभागाला कळवा.

पहिल्या वर्षी थवा आला नाही तर नाराज होऊ नका. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात आठ-दहा आल्या, आणि त्यांतल्या निम्म्या बिनठिपक्यांच्या होत्या.