गांडूळ-आमिष, प्लॅस्टिकचे
गांडूळ-आमिष, प्लॅस्टिकचे : गळाने मासे धरण्यासाठी वापरण्यात येणारे, मऊ प्लॅस्टिकचे, गांडुळासारखे लांबट कृत्रिम आमिष. उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यात आढळणारा बास (मायक्रॉप्टेरस प्रजाती), त्यातही मोठ्या तोंडाचा बास, धरण्यासाठी ते मुख्यतः वापरतात.

अमेरिकेतील ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये व्हिनिल प्लॅस्टिकची गांडुळे तयार केली. रबराची गांडुळे त्यापूर्वीही होती परंतु ती कडक असत. पॉलिव्हिनिल क्लोराइडाची भुकटी प्लॅस्टिकीकारक द्रवात कालवून ते मिश्रण सु. १७५° से. पर्यंत तापवितात व साच्यात ओततात. थंड झाल्यावर मांसल, लवचिक वस्तू मिळते. धातूचे किंवा लाकडाचे आमिष तोंडात घेताच त्याचा कठीणपणा माशास जाणवतो व तो ते चटकन थुंकून टाकतो. मऊ गांडूळ मात्र तो काही क्षण अधिक धरून ठेवतो. गळ रोवण्यास मिळणारा हा अवधी हाच या आमिषाचा खरा गुण होय. मात्र हा अवधी लांबल्यास मासा गांडूळ गिळतो आणि गळ घशात रुततो.

निवड : बाजारात आकार व रंग यांची इतकी विविधता असते, की नवशिक्या गोंधळून जातो. प्रारंभी १५ ते १८ सेंमी. लांबीचे, सरळ किंवा वळणदार शेपटीचे गांडूळ पुरेसे असते. वळणदार शेपटी ओढताना आपोआप हलते, तर सरळ शेपटीच्या गांडुळास हालचाल काठीने द्यावी लागते. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, अर्धपारदर्शक रंग आणि गढूळ पाण्यात काळा किंवा गडद निळा, असा ढोबळ नियम आहे. रंगाला विक्रेते देतात तेवढे महत्त्व देण्याचे कारण नाही. गांडूळ गळावर सरळ बसले आहे की नाही, यावर यश अधिक अवलंबून असते. काही प्रकारांत मीठ मिसळलेले असते. त्यामुळे आमिष जड होते व वेगळे वजन न लावताही बुडते.

गळावर लावण्याची रीत : सर्वांत प्रचलित रीत टेक्सस रीत या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात धरणांमुळे निर्माण झालेल्या जलाशयांत झाडे व झुडपे पाण्याखाली गेली. बास अशाच आडोशास राहतो आणि उघडा गळ तेथे फांद्यांत अडकतो. यास्तव गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपविण्याची युक्ती रूढ झाली.

प्रथम ५ ते ७ ग्रॅ. वजनाचे, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे भोकाचे वजन, निमुळते टोक काठीकडे ठेवून, दोऱ्यात ओवतात. नंतर नेढ्याजवळ दांडीला बाक असलेला गळ बांधतात. वर दिलेल्या लांबीच्या गांडुळास ३/० क्रमांकाचा गळ योग्य असतो. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्यभागी सु. अर्धा सेंमी. खुपसून बाजूने बाहेर काढतात. गांडूळ दांडीवरून नेढ्यापर्यंत सरकवून बाकात बसवितात आणि गळ अर्धा वळवून टोक अंगाकडे करतात. आता गळ गांडुळाच्या बाजूस धरून पाहावा. त्याची वक्र बाजू अंगावर जेथे येते, तेथेच टोक खुपसून पलीकडच्या कातडीखाली थांबवावे. जागा चुकल्यास गांडूळ ताणले जाते किंवा गोळा होते. असे वाकडे आमिष ओढताना गरगर फिरते, दोऱ्याला पीळ पडतो व मासा त्याकडे फिरकत नाही. नवशिक्यांच्या अपयशाचे हेच सर्वांत सामान्य कारण असते. वाकडे बसलेले गांडूळ पाण्यात टाकून पाहण्यापेक्षा काढून पुन्हा लावणे श्रेयस्कर.

कॅरोलायना रीतीत वजन गळापासून अर्धा ते एक मी. दूर, मणी व फिरकी यांच्या पलीकडे ठेवतात. मोकळ्या, खोल तळावर ती उपयोगी पडते. वॅकी रीतीत सु. १२ सेंमी.चे जाडसर गांडूळ मध्यभागी टोचतात. बुडताना त्याची दोन्ही टोके थरथरतात. ही रीत सोपी आहे परंतु दोरा सैल राहत असल्याने मासा आमिष गिळण्याचा संभव अधिक असतो.

आमिष टाकल्यावर ते तळाशी जाऊ द्यावे, काठीचे टोक हळूहळू उचलावे व आमिष पुन्हा पडू द्यावे. बहुतेक वेळा मासा ते पडत असतानाच घेतो. म्हणून दोऱ्यावर दृष्टी ठेवावी लागते. तो किंचित उडाला किंवा बाजूस सरकू लागला, की ढिलाई गुंडाळून तत्काळ हिसका द्यावा. मासा ‘नीट घेईपर्यंत’ थांबण्याचा जुना सल्ला माशाच्या जिवावर बेततो, विशेषतः जेथे धरलेला मासा पुन्हा सोडून देण्याची प्रथा आहे तेथे. गळ घशात खोल रुतलाच, तर तो ओढून काढण्यापेक्षा दोरा तोंडाशी कापणे बरे.

शिशाची लहान वजने गिळून लून हे पाणपक्षी विषबाधेने मरतात. त्यामुळे न्यू हँपशर, मेन इ. राज्यांत अशा वजनांवर निर्बंध आहेत व टंगस्टनाची महाग वजने वापरली जातात. फाटलेली गांडुळे पाण्यात टाकल्यास कुजत नाहीत व माशांच्या जठरांत सापडतात. मेनच्या विधिमंडळात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदीचे विधेयक मांडण्यात आले होते. पाहणीनंतर बंदी मात्र घालण्यात आली नाही. साठवणीतही काळजी लागते. प्लॅस्टिकीकारक पाझरून काही कठीण प्लॅस्टिकचे डबे विरघळतात आणि निरनिराळ्या रंगांची गांडुळे एकत्र ठेवल्यास रंग एकमेकांत उतरतात. म्हणून ती मूळ पिशवीतच ठेवतात.