विश्लेषण : पासवर्ड न चोरताही खाते कसे लुटले जाते? ‘अॅक्सेस टोकन’ काय असते?

पासवर्ड अवघड ठेवला, ओटीपी कुणाला सांगितला नाही, अनोळखी लिंकही उघडली नाही. तरीही खाते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. २०१८ मध्ये फेसबुकच्या सुमारे ३ कोटी वापरकर्त्यांबाबत असे घडले. त्या वेळी पासवर्ड नव्हे, तर ‘अॅक्सेस टोकन’ चोरीला गेले होते.

टोकनची गरज का पडते?

मोबाइलमधील अॅप आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण ‘एपीआय’मार्फत चालते. मात्र वेबचे मूळ तंत्र विसराळू आहे. आधीची विनंती कोणाची होती, हे त्यात आपोआप लक्षात राहत नाही. दर वेळी पासवर्ड विचारला तर वापरकर्ता वैतागेल आणि तो फोनमध्ये साठवून ठेवणे धोक्याचे. म्हणून लॉगइन करताना एकदाच पासवर्ड तपासला जातो. त्यानंतर सर्व्हर अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ अॅपला देतो. हेच अॅक्सेस टोकन. पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत अॅप ते दाखवते. रोज अॅप उघडताना पासवर्ड टाकावा लागत नाही, तो यामुळेच.

धोका कुठे आहे?

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो. परतताना तिथला माणूस नाव विचारत नाही. बिल्ला दाखवेल त्याला चपला मिळतात. बहुतेक टोकनही अशीच असतात. त्यांना ‘बेअरर’, म्हणजे ‘जवळ बाळगणाऱ्याचे’ टोकन म्हणतात. ओटीपी फक्त लॉगइनच्या वेळी पहारा देतो. टोकन त्यानंतर मिळते. त्यामुळे ते चोरणाऱ्याला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी.

फेसबुकमध्ये काय घडले?

आपले प्रोफाइल इतरांना कसे दिसते, हे पाहण्यासाठी फेसबुकवर ‘व्ह्यू अॅज’ ही सोय होती. जुलै २०१७ मध्ये व्हिडीओ अपलोड करण्याची नवी सुविधा आली आणि तीन चुका एकत्र जुळल्या. ‘व्ह्यू अॅज’मध्ये नको तिथे व्हिडीओ अपलोडर दिसू लागला. त्याने मोबाइल अॅपचे अधिकार असलेले टोकन तयार केले. आणि ते टोकन पाहणाऱ्याचे नव्हे, तर ज्याच्या नजरेतून प्रोफाइल पाहिले जात होते त्याचे होते! पानाच्या कोडमधून ते उचलता येत होते. हल्लेखोर एका खात्यातून मित्राच्या, तिथून मित्राच्या मित्राच्या खात्यात शिरत गेले.

२५ सप्टेंबर २०१८ रोजी हा प्रकार कंपनीच्या लक्षात आला. आधी ५ कोटी खात्यांचा अंदाज होता. नंतर तो ३ कोटींवर आला. त्यापैकी १ कोटी ४० लाख जणांचे संपर्काचे तपशील तर गेलेच. शिवाय अनेकांचा धर्म, मूळ गाव, अलीकडचे शोध अशी माहितीही गेली. या प्रकरणी आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘मेटा’ला २५ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला.

उपाय काय केला?

कंपनीने खबरदारी म्हणून एकूण ९ कोटी खात्यांची टोकन रद्द केली. त्या सर्वांना पुन्हा लॉगइन करावे लागले. पासवर्ड बदलण्याची गरज नव्हती, कारण ते चोरीला गेलेच नव्हते. बिल्लाच बाद झाल्यावर चोराकडची प्रत निरुपयोगी ठरली.

कंपन्या काय काळजी घेतात?

टोकनला मुदत असते. अनेक सेवांत अॅक्सेस टोकन काही मिनिटांत किंवा तासांत संपते आणि अधिक मुदतीचे ‘रिफ्रेश टोकन’ दाखवून अॅप नवे घेते. टोकनला मर्यादित अधिकारही देता येतात. फक्त ईमेल पत्ता वाचता येईल, पण संदेश पाठवता येणार नाहीत, असे. ‘जेडब्ल्यूटी’ या प्रचलित प्रकारात डिजिटल सही असते. त्यातील मजकूर सहसा कुणालाही वाचता येतो, पण बदलला की सही जुळत नाही. मात्र सही बरोबर आहे एवढेच सर्व्हर पाहत असेल, तर चोरलेले टोकन मुदत संपेपर्यंत चालते. म्हणूनच मुदत कमी ठेवणे महत्त्वाचे.

वापरकर्त्याने काय करावे?

- खात्याच्या सेटिंग्जमध्ये कोणकोणत्या उपकरणांवर लॉगइन आहे ते पाहावे. अनोळखी उपकरण दिसल्यास तिथून लॉगआउट करावे.
- संशय आल्यास पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्यायही वापरावा. पासवर्ड बदलल्यावर जुनी टोकन प्रत्येक सेवेत रद्द होतातच असे नाही.
- ‘गुगलने लॉगइन करा’ असे म्हणत जोडलेल्या, आता न लागणाऱ्या अॅपची परवानगी काढून घ्यावी. अॅप फोनमधून काढले तरी ही परवानगी शिल्लक राहू शकते.
- सायबर कॅफे किंवा दुसऱ्याच्या संगणकावर केवळ खिडकी बंद करू नये, लॉगआउट करावे.
- लोकप्रिय अॅपच्या फेरफार केलेल्या आवृत्त्या टाळाव्यात. त्यात लॉगइन केले की टोकन त्या अॅपच्याच हाती जाते.