फ्रातेची पोरं

फ्लॉरेन्सला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बरोबरची मंडळी उफिझी कलासंग्रहालयाच्या रांगेत उभी राहिली आणि मी पियाझ्झा देल्ला सिन्योरियात मान खाली घालून फिरत राहिलो. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ फरशीत एक गोल दगड बसवलेला आहे. २३ मे १४९८ रोजी जिरोलामो सावोनारोला या संन्याशाला दोन साथीदारांसह इथंच फाशी देऊन जाळलं. मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या पोरांचं वेड आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सावोनारोला मूळचा फेर्राराचा, फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठाचा प्रमुख. १४९४ मध्ये सत्ताधारी मेदिची घराण्याला शहरातून पळावं लागलं आणि याच्या प्रवचनांचा शब्द शहरात चालू लागला. सरकारात त्याला कसलंही पद नव्हतं.

आता पोरं. कार्निव्हलच्या दिवसांत फ्लॉरेन्सची मुलं रस्त्यात लांब दांडा आडवा धरून येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे उकळत, होळ्या पेटवत आणि एकमेकांवर दगडफेक करत. आपल्याकडे शिमग्याचं पोस्त मागणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र लगेच दिसेल. फरक इतकाच की तिथल्या दगडफेकीत माणसं मरत. सावोनारोला आणि त्याचा सहकारी फ्रा दोमेनिको यांनी याच पोरांना हाताशी धरलं. शहराच्या चार विभागांनुसार त्यांच्या तुकड्या केल्या, कामं वाटून दिली: कुणी भांडणं मिटवायची, कुणी दान गोळा करायचं, कुणी लोकांना 'सुधारायचं'. मग पोरं जुगाराच्या अड्ड्यांवर जाऊन फासे आणि पत्ते हिसकावू लागली, नटलेल्या बायकांना भर रस्त्यात अडवू लागली. 'फ्रातेची पोरं आली' एवढं ऐकलं, की जुगारी पळत सुटत. फ्राते म्हणजे संन्यासी.

हे आपल्याला कळतं ते लुका लांदुच्चीमुळे. हा औषधं विकणारा दुकानदार. १४५० पासून १५१६ पर्यंतच्या त्याच्या नोंदी आहेत, आणि गेली वीस वर्षं मी त्या पुन्हा पुन्हा वाचतो आहे. फेब्रुवारी १४९६ मध्ये तो लिहितो, की व्हिया दे मार्तेल्लीत पोरांनी एका मुलीच्या डोक्यावरचं ओढणीचं शिरोभूषण काढून घेतलं आणि तिच्या माणसांनी मोठा गोंधळ घातला. मुलीचं नाव तो देत नाही. पुढच्याच काही दिवसांत कार्निव्हलची मिरवणूक निघाली. त्याच्या अंदाजानं सहा हजार मुलं होती, पाच-सहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची. त्या पवित्र तुकड्यांत आपलीही मुलं होती, हे लांदुच्ची भरल्या मनानं लिहितो.

इथं मी दरवेळी थांबतो. लांदुच्ची दुष्ट नव्हता. धान्याचे भाव, पूर, साथी, शेजारपाजारच्या दुःखांची नोंद ठेवणारा पापभीरू बाप होता तो. अशा टोळ्या उभ्या राहतात त्या त्याच्यासारख्या बापांच्या अभिमानावर, असं माझं ठाम मत आहे. पोराच्या हातातला दगड सुटला याचा त्याला आनंद झाला. त्याच हातानं कुणाच्या डोक्यावरचं ओढलं, हे त्याच्या नजरेला खुपलंच नाही. मी व्हिया दे मार्तेल्लीत मुद्दाम जाऊन उभा राहिलो. कॅथीड्रलपासून निघणारा गजबजलेला रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दुकानं. तिथं एकट्या पोरीला घेरायला कितीशी मुलं लागणार?

७ फेब्रुवारी १४९७ ला याच पोरांनी घराघरांतून गोळा केलेले आरसे, टोप, अत्तरं, वीणेसारखी वाद्यं, बोकाच्चोची पुस्तकं असं सगळं सुमारे ६० फूट उंच रचून चौकात जाळलं. त्याच वर्षी मे महिन्यात पोपनं सावोनारोलाला बहिष्कृत केलं. ८ एप्रिल १४९८ च्या रात्री विरोधकांचा जमाव सान मार्कोवर चालून आला. त्या वेळी मठानं मदतीसाठी जी घंटा वाजवली, तिला लोक 'पियान्योना', म्हणजे रडवी, म्हणत. पुढं त्या घंटेलाही शिक्षा झाली! गाड्यावर घालून, चाबकाचे फटके मारत तिला शहराबाहेर हद्दपार केलं. १५०९ मध्ये ती परत आली. सान मार्कोत मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

१९ एप्रिलला, पकडलेल्या सावोनारोलाचा छळ करून घेतलेला कबुलीजबाब मोठ्या सभागृहात वाचून दाखवला. आपण प्रेषित नाही, असं त्यात होतं. लांदुच्ची तिथं हजर होता. फ्लॉरेन्स नवं जेरुसलेम होणार, अशी त्याची आशा होती. एका खोट्याच्या पायावर उभारलेली एवढी इमारत डोळ्यांदेखत कोसळली, म्हणून तो सुन्न झाला. त्या दिवशीची नोंद दुःखानं भरलेली आहे. त्याच्या मुलांना त्यानं घरी जाऊन काय सांगितलं असेल, हे मी पानं उलटून उलटून शोधत असतो.