गुरूची खरखर विजेची नव्हे

वैशाखात बीड जिल्ह्यात वळीव दाटून आला की गडगडाट ऐकू येण्याआधीच मिडियम वेव्हवर रेडिओ खरखरू लागतो. वीज चमकली की रेडिओलहरी सुटतातच. म्हणून १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांना २२.२ मेगाहर्ट्‌झवर गुरूकडून येणारे झोत सापडले, तेव्हा तिथल्या विजांवर संशय जाणे साहजिकच होते. गुरूवर विजा आहेतही. व्हॉयेजर-१ ने १९७९ साली त्या टिपल्या. तरी हे झोत त्यांचे नव्हेत. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या बिग यांनी दाखवले, की झोत येण्याचा संभव आयो हा चंद्र कक्षेत कुठे आहे यावर ठरतो. वीज काही आयोचा ठावठिकाणा विचारून कडाडत नाही. शिवाय हे झोत ४० मेगाहर्ट्‌झच्या आसपास एकदम थांबतात, तर गुरूच्या विजांचे संकेत जुनो यानाने थेट ६०० मेगाहर्ट्‌झवर नोंदवले आहेत.

मग या झोतांमागचा विद्युतप्रवाह कोण तयार करतो? परळीच्या औष्णिक केंद्रात चुंबक झालेला रोटर स्थिर वेटोळ्यांमध्ये फिरतो. इथे रोटर म्हणजे खुद्द गुरू. तो दहा तासांच्या आतच एक गिरकी घेतो. आयोला प्रदक्षिणेस साडेबेचाळीस तास लागतात. त्यामुळे गुरूचे चुंबकीय क्षेत्र आयोला सतत मागे टाकत जाते आणि लाखो अँपिअरचा प्रवाह क्षेत्ररेषांवरून ध्रुवांकडे धावतो. तिथे गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन लहरी सोडतात, चुंबकीय क्षेत्राच्या दर गाउसमागे २.८ मेगाहर्ट्‌झ या हिशेबाने. ४० ला २.८ ने भागा: सुमारे १४ गाउस. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गाउस! आता काही झोत आयो कुठेही असला तरी येतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांनाही हीच वरची मर्यादा लागू पडते; यंत्र तेच, फक्त प्रवाह ध्रुवीय प्रकाशाच्या वलयातला.

गंमत अशी, की खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांना हे झोत ऐकू येत नाहीत. त्यांचे काम १२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. त्यांच्या वाट्याला गुरूभोवतीच्या प्रारणपट्ट्यांचा संथ सूर येतो. झोतांसाठी पाटोद्याच्या माळावर दोन बांबूंवर ताणलेली, मधोमध तोडून केबल जोडलेली सात मीटर तार आणि २० मेगाहर्ट्‌झ पकडणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर पुरतो. रात्र हिवाळ्यातली हवी, गुरू वर आलेला हवा आणि जवळपास विहिरीवरची मोटार चालू नको. लांब झोत किनाऱ्यावर लाटा याव्यात तसे येतात. आखूड झोत कढईत लाह्या फुटाव्यात तसे.