सूर्यप्रकाशाने पाण्यापासून इंधन : आशा आणि वस्तुस्थिती

‘पाण्यावर चालणारे इंजिन निघाले आहे म्हणतात, ते घ्यावे काय?’ असा प्रश्न शेतकरी बंधू ग्रामसेवकांना विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठी त्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणी हे स्वतः इंधन नव्हे. ते हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगाने बनते. हायड्रोजन जळतो व त्याचे पुन्हा पाणीच होते. परंतु पाण्यातून तो वेगळा करण्यास, जळताना मिळेल निदान तितकी ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते. म्हणून नुसते पाणी ओतून चालणारे इंजिन असूच शकत नाही.

ही ऊर्जा सूर्याकडून घेता येते. टिटॅनियम डायऑक्साइड हा पांढऱ्या रंगांत वापरला जाणारा पदार्थ आहे. त्याच्या स्फटिकावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते, हे जपानच्या फुजिशिमा व होंडा या शास्त्रज्ञांनी 1972 साली प्रसिद्ध केले. स्वतः खर्ची न पडता प्रकाशाच्या साहाय्याने रासायनिक क्रिया घडविणाऱ्या अशा पदार्थास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

ही क्रिया कणाच्या पृष्ठभागावर घडते. ढेकूळ फोडले की मातीचा पृष्ठभाग वाढतो, तसेच येथेही होते. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे 10 नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास तो 600 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 6 गुंठे होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा 100 कोटीवा भाग. दुसरा लाभ असा की, प्रकाशाने सुटे झालेले विद्युतभार पृष्ठभागापर्यंत लवकर पोहोचतात. लांब पाटात पाणी मुरते, तशी मोठ्या कणात ऊर्जा वाटेतच वाया जाते.

असे असूनही उत्पन्न अद्याप अल्प आहे. टिटॅनियम डायऑक्साइड केवळ अतिनील किरण वापरतो आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा शेकडा 5 च्या आसपास असतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील प्रयोगात, ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्राँशियम टायटनेटचे पत्रे 100 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1 गुंठा क्षेत्रावर मांडले होते. सूर्याच्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त शेकडा 0.76 भागच हायड्रोजनच्या रूपाने हाती आला. शिवाय हायड्रोजन व प्राणवायू एकत्र निघत असल्याने ते मिश्रण स्फोटक असते. ते काळजीपूर्वक वेगळे करावे लागते.

तरीही या संशोधनात शेतकऱ्यांचे हित आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजन व हवेतील नत्र यांपासून बनतो. रायगड जिल्ह्यातील थळच्या कारखान्यात तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळवितात आणि देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. केंद्र शासनाने 2023 साली मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. त्याचा मुख्य मार्ग सौर व पवन विजेने पाण्याचे विघटन हा आहे. उद्या प्रकाश-उत्प्रेरक स्वस्त व टिकाऊ ठरल्यास खतासाठीही त्यांचा उपयोग होईल.

तोपर्यंत पाण्यावर चालणाऱ्या इंजिनासाठी कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास ती देऊ नये. सौर कृषिपंपाची चांगली पटले सूर्याच्या ऊर्जेपैकी शेकडा 20 च्या सुमारास भागाची वीज करतात. आज ओलितासाठी सूर्याची शक्ती वापरण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. ग्रामसेवकांनी ही वस्तुस्थिती गावसभेत अवश्य समजावून द्यावी.