कबीर कला मंच : डफ, जलसा आणि खटले

मोजके स्वरमेळ, मुद्दाम राखलेला खडबडीतपणा आणि प्रस्थापितांना डिवचणारे शब्द यांवर उभे राहिलेले पंक रॉक 1976–77 च्या सुमारास लंडनमध्ये गाजू लागले. मुंबईतील विक्रोळी-घाटकोपरच्या कष्टकरी वस्त्यांत मात्र डिवचण्याचे हे काम डफ आणि ढोलकीच्या साथीने होत आले आहे. त्यामागे जलशाची परंपरा आहे. तमाशातील गाणे आणि बतावणी यांचा साचा घेऊन त्यात प्रबोधनाचा विषय भरणारा हा प्रयोग सत्यशोधक चळवळीत आकाराला आला आणि पुढे आंबेडकरी शाहिरांनी तो आपलासा केला.

विक्रोळीच्या शेजारी, पूर्व द्रुतगती महामार्गालगत असलेल्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळले, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जण मृत्युमुखी पडले. आव्हान नाट्य मंचातून पुढे आलेले मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर चारच दिवसांनी आत्महत्या केली. घोगरे यांना ओळखणाऱ्या माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी तेथून चित्रीकरण सुरू केले आणि तब्बल 14 वर्षांनी ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण केला, ज्याच्या उत्तरार्धात घोगरे यांचा वारसा चालवणारी पुण्यातील तरुण मंडळी भेटतात.

ती मंडळी म्हणजे गुजरातमधील दंगलींनंतर 2002 मध्ये स्थापन झालेला कबीर कला मंच. जात, भांडवल आणि बाईचे दुय्यमत्व या तिन्हींना एकाच कार्यक्रमात हात घालणे, तेही चळवळीतील मित्रांचे रुसवे पत्करून, हे मंचाचे खरे धाडस होते. मंचाच्या गायिका शीतल साठे यांच्या चढ्या, उघड्या आवाजामुळे ते घोषणेपुरते उरले नाही.

2011 मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे जामीन सहजी न मिळू देणाऱ्या यूएपीएखाली, मंचाच्या काहींना अटक केली आणि उरलेले कलाकार भूमिगत झाले. 2 एप्रिल 2013 रोजी साठे आणि मंचाचेच सचिन माळी विधानभवनासमोर प्रकट झाले. ही शरणागती नसून सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. गरोदर असलेल्या साठे यांना त्याच वर्षी उच्च न्यायालयाने, तर माळी आणि मंचाचेच सागर गोरखे व रमेश गायचोर यांना जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. तुलनेसाठी, प्राग येथील ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या वाद्यवृंदावर 1976 मध्ये खटला भरला गेला, तेव्हा त्याची गाणी फारशी राजकीय नव्हती; मंचाच्या बाबतीत ‘गाणी राजकीय नव्हतीच’ ही पळवाट नाही, कारण त्याचे राजकारण गाण्यातच उघड होते आणि वाद होता तो गाण्यापलीकडच्या संबंधांचा.

पुढे साठे आणि माळी यांनी नवयान महाजलसा हा वेगळा फड उभारला. मंचात राहिलेले कलाकार 31 डिसेंबर 2017 च्या पुण्यातील शनिवारवाड्यावरील एल्गार परिषद या सभेशी जोडलेले होते, आणि त्या परिषदेवरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक केली.