एका मराठी प्राध्यापकाचा चरित्रपट आणि आपण प्रेक्षक

चरित्रपट म्हटला की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने ‘संत तुकाराम’ उभा राहतो. प्रभात कंपनीचा हा बोलपट १९३६ साली निघाला आणि मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. पुढे १९५४ साली आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ आला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अशा पटांनी आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. नायक मोठा, त्याला छळणारे खोटे, शेवटी नायकाचा विजय किंवा वैकुंठगमन, आणि आपण डोळे पुसत घरी. म्हणजे चरित्रपटाला आपण जातो ते हात जोडायला जातो. नायकाविषयी आपले मत घरूनच पक्के झालेले असते.

आता ज्याच्याविषयी आपले मत पक्के झालेले नाही, किंवा उलट बाजूनेच पक्के झालेले आहे, अशा माणसाचा चरित्रपट पाहायची वेळ आली तर प्रेक्षक म्हणून आपले काय होते? आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे ती हीच गोष्ट. पट हिंदी आहे, त्याचे नाव ‘अलीगढ’. दिग्दर्शक हंसल मेहता, लेखक अपूर्व असरानी, मुख्य भूमिका मनोज बाजपेयी यांची. तो २६ फेब्रुवारी २०१६ रोजी चित्रगृहांत लागला. पट हिंदी असला तरी त्याचा नायक आपला, मराठी माणूस.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडचे. १९८८ च्या सुमारास ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले आणि तिथे मराठी शिकवू लागले. उत्तरेतल्या त्या गावात मराठी शिकायला कितीसे विद्यार्थी येणार, याचा विचार शिक्षक मंडळींनीच करावा. कविताही लिहीत. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचे पारितोषिक मिळालेले आहे. पुढे ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले.

सिरस समलिंगी होते. शब्द अवघड वाटला तर अर्थ सोपा आहे. पुरुषाची ओढ पुरुषाकडे किंवा स्त्रीची ओढ स्त्रीकडे असणे, एवढाच. ही ओढ कुणी शिकवून येत नाही आणि औषधाने जात नाही. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री सिरस आपल्या घरात एका सायकलरिक्षावाल्याबरोबर असताना दोन माणसे कॅमेरा घेऊन घरात घुसली आणि त्यांनी चित्रण केले. विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून निलंबित केले ते सिरस यांना, आणि घर सोडायला सांगितले तेही त्यांनाच. ते न्यायालयात गेले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. ७ एप्रिलला ते आपल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. निलंबन मागे घेतल्याचे पत्र त्यांच्या कचेरीत पोचले ते दुसऱ्या दिवशी. मृत्यू कसा झाला याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. पोलिसांनी तपास केला, काही जणांना धरले, आणि पुराव्याअभावी प्रकरण मिटले.

ही झाली हकिगत. आता प्रेक्षकांकडे वळू.

मी राहतो कामोठ्याला. पनवेलच्या अलीकडे, मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन स्टेशनांच्या आसपासचे हे गाव. मूळची वस्ती आगरी मंडळींची, भोवती सिडकोची वसाहत, आणि तीत साताऱ्यापासून खानदेशापर्यंतची माणसे येऊन राहिलेली. अशा मिश्र मंडळींत, एका सोसायटीच्या सभागृहात भिंतीवर पडदा लावून आम्ही हा पट पाहिला. बहुतेक शिक्षक, काहींच्या घरची माणसे, चार-दोन कॉलेजातली मुले.

पहिल्या पंधरा मिनिटांत मागच्या रांगेतली मुले हसली. खुदुखुदु हसली म्हणा ना. पुढे बसलेल्या एका बाईंनी मागे वळून पाहिले, तरी हसू थांबेना. मला विचाराल तर ते हसू दुष्टपणाचे नव्हते. ज्या विषयावर आपल्याकडे शिवीखेरीज शब्दच नाही, तो विषय समोर आला की माणूस गोंधळतो आणि हसतो. गंमत एवढीच, की अर्ध्या तासानंतर कुणी हसले नाही. हसणाऱ्यांना गप्प करणारे भाषण पटात कुठेच नाही. पडद्यावर काय असते, तर एक वयस्क गृहस्थ अंधाऱ्या खोलीत एकटा बसला आहे, हातात पेला आहे, लताबाईंचे जुने गाणे लागले आहे आणि तो त्याबरोबर गुणगुणतो आहे. बराच वेळ हेच चालते. कॅमेरा हलत नाही. आपल्यालाच चुळबुळल्यासारखे होते, आणि मग ध्यानात येते की या माणसाला आपण त्याच्या घरात पाहतो आहोत. त्या दोन माणसांनी पाहिले तसेच! फरक इतकाच की आपण तिकीट काढून आलो आहोत.

पट संपल्यावर बोलणे निघाले. एक गृहस्थ म्हणाले, “हे दाखवायलाच हवं होतं का?” दुसरे म्हणाले, “मास्तर आहे आणि दारू पितो, मग आदर्श कसला?” पाहा, चरित्रपटाची ती जुनी सवय कशी आडवी येते. नायक आहे ना, मग तो निष्कलंक असलाच पाहिजे! खरे तर दिग्दर्शकाने सिरस यांना देव केलेले नाही. ते चिडतात, घाबरतात, न्यायालयात आपल्याच खटल्याच्या वेळी डुलक्या घेतात, कवितांचे भाषांतर करीत बसतात. मनोज बाजपेयींनी हा भिडस्त, थोडा हट्टी मनुष्य असा उभा केला आहे की आपल्या शाळा-कॉलेजातले कुणीतरी आठवावे. या भूमिकेबद्दल त्यांना २०१६ साली आशिया-पॅसिफिक पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे.

सगळ्यांत नेमका प्रश्न विचारला तो एका प्राथमिक शिक्षिकेने. “प्राध्यापकांसाठी वकील आले, वर्तमानपत्रवाले आले. त्या रिक्षावाल्याचं काय झालं?” पटात त्याला फारशी जागा नाही. हा पटातला उणेपणा आहे असे माझे मत आहे. गरिबाच्या घराचे दार तर त्याहून सहज लोटता येते.

“हे सगळं परदेशातून आलेलं खूळ,” असेही एकाने म्हटलेच. त्यांना मी १९३४ सालची गोष्ट सांगितली. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर तेव्हा अश्लीलतेचा खटला झाला होता. वाचकांनी विचारलेल्या ज्या प्रश्नांच्या उत्तरांवरून तो झाला, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळी मराठी माणसे हे प्रश्न पत्राने विचारीत होती. आणि कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोक विचारतात तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. खटला हरला, पण प्रश्न परदेशी नव्हता हे तर सिद्ध आहे. कर्व्यांवर अमोल पालेकरांनी २००१ साली ‘ध्यासपर्व’ हा चरित्रपट काढला, तोही मिळाल्यास पाहावा.

परदेशाचे नाव निघालेच आहे तर तिकडचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात हार्वे मिल्क नावाचे एक पुढारी होते. आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून ते १९७७ साली नगरमंडळावर निवडून आले आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांच्याच एका माजी सहकाऱ्याने, महापौरांबरोबर त्यांनाही गोळ्या घातल्या. त्यांच्यावरचा ‘मिल्क’ हा पट २००८ च्या नोव्हेंबरअखेर तिकडे लागला. त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वी त्याच राज्यात समलिंगी विवाहाविरुद्ध मतदान होऊन गेले होते. तेव्हा पुष्कळ प्रेक्षक हळहळले, की हा पट मतदानाआधी का नाही आला! तिथे पटाकडून राजकारणाची अपेक्षा होती, कारण नायकच सभा गाजवणारा होता. लपू नका, घरच्यांना सांगा, असे तो सांगत असे. सिरस यांना हे काहीच नको होते. त्यांना कुठला झेंडा धरायचा नव्हता, आपल्या भावनेवर एका शब्दाचे लेबल लावणेही आवडत नव्हते. दार लावून गाणे ऐकत बसायचे होते. तेव्हा ‘मिल्क’ पाहून माणूस घोषणा देत बाहेर पडेल. ‘अलीगढ’ पाहून तसे होत नाही.

आपल्याकडे तर कायद्याचीच ओढाताण चालली होती. परस्परसंमतीने असे संबंध ठेवणे हा गुन्हा नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ठरवले. म्हणजे सिरस यांच्या घरात माणसे घुसली तेव्हा त्यांच्याकडून कुठलाच गुन्हा घडलेला नव्हता. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्यामुळे २०१६ साली प्रेक्षक चित्रगृहात बसले ते, पडद्यावरचा नायक कायद्याच्या लेखी पुन्हा गुन्हेगार होऊन बसलेला असताना. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी सांगितले की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ३७७ कलमाचा हा काच कायमचा काढला. आज तोच पट पाहणाऱ्याला ही भीती उरलेली नाही. कामोठ्याच्या सभागृहातली चर्चा मोकळी झाली, त्यात याचा वाटा आहे असे मला वाटते. लग्नाला मात्र अजून मान्यता नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो विषय संसदेकडे सोपवला.

खुद्द अलीगढ शहराची प्रतिक्रिया वेगळीच झाली. गावाचे नाव बदनाम होते, अशी हरकत काहींनी घेतली आणि तिथल्या चित्रगृहांतून पट उतरला. ज्या गावाने ती रात्र पाहिली, त्या गावाला पट पाहता आला नाही. त्याआधी, जाहिरातीच्या छोट्या चित्रफितीलाच ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मिळाला होता, म्हणजे ती सगळीकडे दाखवायचीही पंचाईत.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा पट वर्गात दाखवायचा नाही, मोठ्यांनी पाहायचा आहे. पण शिक्षकांच्या खोलीत त्यावर बोलणे व्हायला हरकत नाही. चालण्याबोलण्यावरून ज्या मुलाला सारा वर्ग चिडवतो, असा एखादा मुलगा तुमच्याही शाळेत असेल. त्याची थट्टा चालली असताना मास्तर खिडकीबाहेर पाहतात की खडू खाली ठेवतात, हे बाकीची चाळीस मुले टिपत असतात.

आमच्या चर्चेच्या शेवटी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारले, “त्यांच्या कवितांचं पुस्तक कुठं मिळेल हो?” बसलेल्यांत आम्ही तिघे मराठीचे प्राध्यापक होतो. तिघांपैकी एकानेही ते वाचलेले नव्हते. मुख्याध्यापकांनी वहीत नाव उतरवून घेतले आणि प्रकाशक कोण म्हणून पुन्हा विचारले.